पोरगी लुथेरन कॉलेजात चाललीय, काय काय बघायचं?

पीयूसीचा निकाल लागला की आमच्याकडं दरवर्षी सीईटी आणि सीटच्याच पत्रांचा ढीग येतो, यंदा मात्र अमेरिकेतल्या छोट्या लुथेरन (ख्रिश्चनांतला एक पंथ) कॉलेजांबद्दल बरीच पत्रं आलीत. कोणीतरी एजंट तालुक्यातालुक्यात फिरतोय बहुतेक. त्यातली काही घेतलीत, नावं गाळून.

ताई, पोरगीनं पीयूसी सायन्स केलंय. मिनेसोटातल्या एका लुथेरन कॉलेजची ऑफर आलीय, स्कॉलरशिपसकट, आणि ती जायचा हट्ट करालीय. आमची आई म्हणते पोरीला बाटवतील, रोज चर्चला नेतील. खरं काय?
*एक वडील, खानापूर*

काका, आजींना आधी एवढंच विचारा की बेळगावात बेनन स्मिथ नाहीतर सेंट पॉल्स या मिशनऱ्यांच्या शाळांत शिकलेली आपली किती माणसं गणपती बसवायची थांबली? तिकडचंही साधारण तसंच आहे.

मार्टिन लुथर हा जर्मनीतला धर्मसुधारक, १५१७ मध्ये त्यानं पोपच्या कारभाराविरुद्ध ९५ मुद्दे काढले, तिथनं हा पंथ निघाला. पुढं एकोणिसाव्या शतकात जर्मनी, स्वीडन, नॉर्वेतनं शेतकरी लोक अमेरिकेच्या मधल्या थंड भागात जाऊन राहिले, आणि आपल्या पोरांसाठी शाळामास्तर नि पाद्री तयार व्हावेत म्हणून त्यांनी ही कॉलेजं काढली. आयोवातलं लुथर कॉलेज १८६१ चं, गुस्टाव्हस अडॉल्फस १८६२ चं, सेंट ओलाफ १८७४ चं. ही तिन्ही ईएलसीए नावाच्या, त्यातल्या त्यात मोकळ्या विचारांच्या चर्चशी जोडलेली. तिथं ॲडमिशनला धर्म आडवा येत नाही, सकाळी चॅपलमध्ये (कॉलेजातलं छोटं चर्च) थोडी प्रार्थना असते पण प्रेझेंटी कोणी घेत नाही. मात्र धर्म या विषयाचा एखाददुसरा पेपर बहुतेक ठिकाणी करावाच लागतो. तो वर्गात बसून वाचायचा, वाद घालायचा, निबंध लिहायचा विषय आहे, आणि मार्क श्रद्धेला नसतात, लिहिण्याला असतात. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकत वाढलेल्या पोरीला उलट त्यात बोलायला बरंच सापडेल असं मला वाटतं.

पण सगळीच लुथेरन कॉलेजं एका माळेचे मणी नाहीत. कॉनकॉर्डिया नावाच्या युनिव्हर्सिट्या मिसूरी सिनड या दुसऱ्या चर्चच्या, ते जुन्या वळणाचे, बायकांना पाद्री करत नाहीत. त्यातही घोळ असा की मिनेसोटातच मूरहेडला कॉनकॉर्डिया कॉलेज आहे ते ईएलसीएचं, म्हणजे नावावरनं काही कळत नाही, कुठल्या चर्चचं ते सरळ ईमेल करून विचारा. आणि स्टुडंट हँडबुक वेबसाइटवर असतं, ते पोरीनं एकटीनं नाही, तुम्हीही बसून वाचा. हॉस्टेलमध्ये पाहुणे कधीपर्यंत, दारूचं काय, पकडलं तर काय, सगळं त्यात असतं. सेंट ओलाफला तर कॅम्पसवर दारू पूर्ण बंद, वय २१ च्या वर असलं तरी. आजींना हे नक्की सांगा, निम्मी काळजी तिथंच मिटेल.

मला बायोलॉजी पण आवडते आणि गाणं पण. इथं बीएस्सी घेतली की गाणं सुटलं. तिथं दोन्ही जमतं का?
*एक विद्यार्थिनी, टिळकवाडी*

जमतं, आणि अशा छोट्या कॉलेजात जायचं खरं कारण हेच आहे. डिग्री चार वर्षांची, बऱ्याच ठिकाणी १२० क्रेडिट लागतात (प्रत्येक कोर्स पास झालं की काही क्रेडिट जमा होतात), त्यातला एक भाग मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, एक भाग सगळ्यांना सक्तीचा (लेखन, इतिहास, सायन्स, कला, धर्म असं थोडं थोडं), उरलेलं तुझ्या मर्जीचं. मेजर साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला ठरवायचं असतं, त्यामुळं पहिल्या वर्षी बायोलॉजीच्या लॅबसोबत गाण्याचे धडे घेता येतात. लुथेरन लोकांना समूहगानाचं फार वेड, लुथर स्वतः भजनं रचायचा. सेंट ओलाफचा ख्रिसमस फेस्टिवल १९१२ पासून चालू आहे आणि तिथल्या क्वायरमध्ये (गायकांच्या समूहात) केमिस्ट्री, मॅथ्सची पोरं उभी असतात, ऑडिशन मात्र कडक. काही कॉलेजात जानेवारीचा महिना फक्त एका कोर्सला देतात, त्याला जे-टर्म म्हणतात.

आता कडू गोष्ट. पहिल्याच दिवशी प्रत्येक सर हातात सिलॅबस देतात, चार-सहा पानी कागद, त्यात परीक्षेला किती टक्के, वर्गात बोलण्याला किती, असाइनमेंट एक दिवस उशिरा दिली तर किती कापणार, सगळं लिहिलेलं. नंतर "सर, प्लीज" चालत नाही. आणि आपल्याकडं कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ज्या तयार नोट्स मिळतात तशा उतरवून दिल्या तर तिथं ती चोरी धरतात, पहिल्यांदा पेपरला शून्य, परत केलं तर कॉलेजातनं बाहेरसुद्धा. एआयकडनं लिहून घ्यायचं की नाही याचा नियम प्रत्येक सरांचा वेगळा असू शकतो, सिलॅबसमध्ये बघ. एक चांगलं म्हणजे वर्ग लहान असतात, सर ऑफिस अवर्सला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळी, बसलेले असतात, तिथं जाऊन शंका विचारायला लाजू नकोस. आपली पोरं इथंच मार खातात, न विचारता बसून राहतात.

पोरगा शुद्ध शाकाहारी. खाणार काय, आणि थंडी कशी सोसणार?
*एक आई, निपाणी*

मावशी, व्हेज मिळतं, पण सॅलड, पास्ता, राजमा आणि चीज याच चक्करमध्ये. हॉस्टेलला राहिलं की मीलप्लॅन बहुतेक सक्तीचा, पैसे भरलेले असतात, खा नाहीतर नका खाऊ. चटण्या, मेतकूट द्या बांधून, पण कस्टमचे नियम बघून. मिनेसोटात जानेवारीत उणे २० होतं, जाकीट तिथंच घ्यायचं, इथलं स्वेटर उपयोगाचं नाही. आणि ख्रिसमसच्या सुट्टीत हॉस्टेल बंद होतं का हे आधीच विचारा, बंद होत असलं तर पोरानं ते दिवस कुठं काढायचे?

फी बघून डोळे फिरले. एजंट म्हणतोय अर्धी माफ होते. जमीन गहाण ठेवू का?
*एक शेतकरी, हुक्केरी तालुका*

घाई करू नका. छापील फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ५० ते ८० हजार डॉलर दिसतं, पण खासगी कॉलेजं बहुतेकांना भरपूर सूट देतात, म्हणून अर्धी माफ ही काही एजंटची मेहेरबानी नाही. सूट वजा करून उरलेला आकडा चार वर्षांचा म्हणून चारनं गुणा. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिप बहुधा तेवढीच राहते, आणि जीपीए (सगळ्या मार्कांची सरासरी) ठराविक आकड्याखाली गेला तर तीही जाते. सरकारी मदत परदेशी पोरांना नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना कॅम्पसवरच काम, आठवड्याला २० तास, त्यातनं खिशाचा खर्च निघतो, फी नाही. आणि एनए न झालेली शेतजमीन बऱ्याच बँका एज्युकेशन लोनला तारण घेतच नाहीत, सावकाराकडं तर जाऊच नका.

दुसरं, एजंट हे सांगणार नाही: छोटी कॉलेजं बंद पडालीत. मिशिगनमधली फिनलंडिया युनिव्हर्सिटी, फिनिश लुथेरन लोकांनी १८९६ मध्ये काढलेली, २०२३ मध्ये बंद झाली. पोर्टलंडची कॉनकॉर्डिया २०२० मध्ये. तिथं पोरं कमी जन्माला आली, ॲडमिशन घटल्या, कर्ज वाढलं. म्हणून मागच्या पाच वर्षांत विद्यार्थी वाढले की कमी झाले ते विचारा, अक्रेडिटेशन (कॉलेजच्या दर्जाची मान्यता) कुणाचं आणि त्यावर काही शेरा आहे का ते बघा. बऱ्याच कॉलेजांचे हिशेब फॉर्म ९९० नावाच्या कागदात नेटवर फुकट असतात, सलग तीन वर्षं तोटा दिसला तर एखाद्या सीएला दाखवा. बेळगावात एवढं बघून देणारा सीए मिळेल.

मार्क्स कार्ड घरी पाठवतात का?
*एक आजोबा, चिकोडी*

नाही हो. १९७४ चा फेर्पा म्हणून कायदा आहे, कॉलेजात गेलेल्या पोराचे मार्क त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज सहसा आईबापालासुद्धा सांगत नाही, फी तुम्ही भरली तरी. परवानगीचा फॉर्म असतो, तो नातवाकडनं विमानतळावर जायच्या आधी भरून घ्या.