टेगार्ट आयरिश होता, मग आपल्या क्रांतिकारकांच्या मागे का लागला?

प्रश्न असा होता की कलकत्त्याचा पोलीस कमिशनर चार्ल्स टेगार्ट स्वतः आयरिश, त्याचा देशही इंग्रजांच्याच ताब्यात, मग तो बंगालच्या पोरांच्या मागे एवढा हात धुऊन कसा काय लागला? बरीच वर्षं हा माणूस वाचतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आयरिश म्हणजे काय ते बघू. टेगार्टचा जन्म १८८१ चा, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या डेरी शहरातला, वडील प्रोटेस्टंट पाद्री. त्या काळात अशी घरं बहुतेक राजाच्या बाजूची, पोरांनी साम्राज्यात चाकरी करायची यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. पण सगळं धर्मावर ढकलू नका, कारण आयर्लंडच्या पोलिसात साधे शिपाई बहुतेक कॅथलिकच होते, आणि स्वातंत्र्याची मागणी मुख्यतः कॅथलिकांचीच होती. आणि वसाहतींमधली पोलीस व्यवस्था उभी करताना इंग्रजांनी नमुना घेतला तोही आयर्लंडचाच, इंग्रज सेनापती नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये पोलीसदल काढलं ते त्याच धर्तीवर.

टेगार्ट १९०१ मध्ये इकडे कलकत्ता पोलिसात नोकरीला लागला. त्याचं खरं बळ खबऱ्यांमध्ये आणि फायलींमध्ये होतं, कोण कुठे झोपतो, कोणाला पत्र लिहितो, सगळं नोंदवलेलं. १९१५ मध्ये ओडिशात बालासोरजवळ बंगालचे क्रांतिकारक बाघा जतींना गाठलं त्या तुकडीत हा होता. १९२३ मध्ये कमिशनर झाला, आणि पुढच्याच जानेवारीत गोपीनाथ साहा या तरुण क्रांतिकारकाने कलकत्त्याच्या चौरंगी रस्त्यावर टेगार्ट समजून गोळ्या झाडल्या त्या अर्नेस्ट डे नावाच्या एका व्यापाऱ्याला. गोपीनाथने कोर्टात सांगितलं की मला टेगार्टच हवा होता, निरपराध माणूस गेला याचं वाईट वाटतं. मार्चमध्ये त्याला फाशी दिली. हे वाचताना मला दर वेळी दोघांसाठीही गलबलून येतं, डेसाठी आणि त्या पोरासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुभाषबाबूंना पकडलं आणि पुढे मंडालेला पाठवलं, जिथे आपले टिळक सहा वर्षं होते.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती चितगावची गोष्ट. १९३० मध्ये तिथल्या शस्त्रागारावर हल्ला केला तो दिवस गुड फ्रायडेचा, डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या १९१६ च्या ईस्टर उठावाची आठवण मनात ठेवून. म्हणजे आयर्लंडकडे बघून पोरं लढत होती आणि त्यांच्यासमोर कलकत्त्यात आयरिशच माणूस बसलेला!

१९३१ ला तो रिटायर झाला. १९३७ च्या शेवटी, अरबांचं बंड चालू असताना, पॅलेस्टाइनमध्ये सल्लागार म्हणून गेला, तिथे उत्तर सरहद्दीवर काटेरी तारांचं कुंपण आणि देशभर काँक्रीटचे पोलीस किल्ले त्याच्या शिफारशीवरून बांधले. चौकशीत अरब कैद्यांचा छळ झाल्याचे आरोप तिथे झाले. त्यातला लाटरूनचा किल्ला अजून उभा आहे, आता रणगाड्यांचं म्युझियम आहे.

अजून एक, इथे खूप जण गल्लत करतात म्हणून सांगतो. २५ ऑगस्ट १९३० ला कलकत्त्याच्या डलहौसी स्क्वेअरमध्ये टेगार्टच्या गाडीवर बॉम्ब टाकले (तो वाचला) ते अनुजाचरण सेनगुप्ता आणि दिनेश मजुमदार यांनी. अनुजाचरण तिथेच गेले, दिनेश पकडले गेले, नंतर जेलमधून पळाले आणि १९३४ ला त्यांना फाशी झाली. त्या चौकाला आज बिनय-बादल-दिनेश बाग म्हणतात, पण त्यातले दिनेश म्हणजे दिनेश गुप्ता, रायटर्स बिल्डिंग या सरकारी कचेरीवर हल्ला करणारे.