‘एडिटिंग चालू आहे’ किती दिवस सांगणार?

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला, वय ३४. ९ वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. मे महिन्यातल्या एका लग्नात माझ्या कॅमेऱ्यातलं एक मेमरी कार्ड करप्ट झालं. अंतरपाट, अक्षता, हार, सप्तपदी, सगळं त्याच कार्डात होतं. कॅमेऱ्याला कार्डाचे दोन स्लॉट आहेत, पण ‘पहिलं भरलं की दुसरं’ असं सेटिंग ठेवलेलं, त्यामुळे दुसऱ्या कार्डावर प्रत नाही. त्या घरी अजून सांगितलेलं नाही. ७ आठवडे झाले, फोन आला की ‘एडिटिंग चालू आहे’ म्हणतो. ३०,००० रुपये बाकी आहेत, तेही मागायचं धाडस होत नाही. त्यामुळे मुलीचे वडील गावभर सांगत सुटलेत, ‘पोरगा भला आहे, पैशाची घाई करत नाही.’ मित्र म्हणतो, एआयने अंतरपाटाचा फोटो बनवून देऊ, कुणाला कळणार नाही. बायकोलाही यातलं काही माहीत नाही. तिचं वेगळंच : ‘दुसऱ्यांच्या लग्नाच्या तारखा तुम्हाला पाठ, आपली तेवढी आठवत नाही.’ (आमचंही लग्न मेमधलंच.) रात्र रात्र झोप नाही. धंदा सोडावा का?

उत्तर :

अरे, आधी उठ आणि ते कार्ड बॅगेतून बाहेर काढ. कागदात गुंडाळ, वर तारीख लिही, कपाटात ठेव. पुन्हा कॅमेऱ्यात घालू नकोस. कॉम्प्युटरने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तर नाही म्हण. कार्ड वाचता येत नाही म्हणजे फोटो पुसलेच गेले असं नसतं. कोणता फोटो कुठे आहे त्याची यादी तेवढी बिघडलेली असते, असं पुष्कळदा होतं. वर नवीन काही लिहिलं गेलं, की मात्र खालचं गेलं. फुकटची सॉफ्टवेअरं लावून घरी झटापट करण्यापेक्षा डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा आणि ‘आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत करा, मग त्या प्रतीवर काय ते करा’ असं सांग. खात्री कुणी देणार नाही. म्हणूनच, तिकडून काय निरोप येतो ते बघू आणि मग सांगू, असलं काही ठरवू नकोस. ७ आठवडे तू तेच करतोयस.

माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. रोळाचे दिवस, एका रोळात ३६ फोटो. एका लग्नात रोळाचं टोक आतल्या चक्रीत नीट अडकलंच नाही. खटका दाबला जातोय, आकडा पुढे सरकतोय आणि आत फिल्म जागच्या जागी. रोळ गुंडाळायची वरची कळ फिरत नाहीये, हे घाईत त्यांनी बघितलं नाही. रात्री डार्करूममध्ये कोरी पट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ते त्या घरी गेले. मी लहान होते, मला बाहेर ओट्यावर बसवलेलं. आतले आवाज ओट्यापर्यंत येत होते. पैसे गेलेच, आणि त्या घरातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. हे मुद्दाम सांगतेय. खरं बोललास की ते तुला पोटाशी धरतील, अशी माझी अजिबात खात्री नाही. कदाचित चारचौघांत बोलतील. ऐकून घ्यावं लागेल.

पण रोज तो ‘भला पोरगा’ ऐकून घेणं त्याहून सोपं आहे का? मला वाटतं तुझी झोप कार्डाने नाही घालवलेली. कार्ड कुणाचंही जाऊ शकतं. पैसे न मागण्याला ते चांगुलपणा समजतात आणि तू समजू देतोस, ते तुला आत टोचतंय. बरंच झालं टोचतंय ते.

आता त्या मित्राची आयडिया. मला एक सांग, त्या दिवशी अंतरपाट कुणी धरला होता? मुलीच्या मागे कोणते मामा उभे होते, त्यांनी फेटा बांधला होता की टोपी होती? करवली कुठल्या बाजूला होती? एआय दोन गोड चेहरे करून देईल, मध्ये स्वस्तिक काढलेलं पांढरं कापडही धरेल, पण ते धरणारे हात कुणाचे? पुढच्या दिवाळीत आत्या अल्बम उघडेल आणि विचारेल, ‘हा कोण गं?’ पहिल्या पाच मिनिटांत पकडला जाशील. आणि समजा नाहीच पकडला गेलास, तर ती मुलगी आयुष्यभर आपल्या लग्नाचा म्हणून न घडलेला क्षण जपून ठेवेल. कार्ड गेलं तो अपघात होता. याला अपघात म्हणता येणार नाही.

सांगायचं कसं? आधी मुलीला. लग्न तिचं, फोटो तिचे. ती सासरी असेल तर फोन करून तिच्या सवडीची वेळ विचार आणि नवरा-बायको दोघं असताना बोल. मग त्याच दिवशी वडिलांकडे, स्वतः जाऊन. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज टाकू नकोस. ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. कार्ड खराब झालं, दुसऱ्या कार्डावर प्रत ठेवायला हवी होती ती मी ठेवली नाही, आणि ७ आठवडे तुम्हाला खोटं सांगितलं. तिन्ही वाक्यं त्याच दमात. बाकीचे ३०,००० नकोत हे तूच म्हण, आणि घेतलेल्यातले किती परत करायचे ते त्यांना विचार. एक व्यवहाराची गोष्टही सांगते : पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली, तर ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. लपवाछपवी तिथेही तुझ्याच अंगाशी येईल.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नकोस. व्हिडिओवाला वेगळा होता ना? त्याने फोर-के शूटिंग केलं असेल तर त्यातली एकेक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची निघते. अल्बमच्या पानावर मध्यम आकारात ती चालून जाते, हालचालीमुळे थोडी धूसर असली तरी. आणि मंगलाष्टकं चालू असताना मोबाइल उंच करून तुझ्या फ्रेममध्ये घुसणारे ते सगळे काका, आत्या, मित्रमंडळी! नऊ वर्षं त्यांच्यावर दात खाल्लेस ना, आता त्यांच्यापुढे हात जोड. फक्त व्हॉट्सअॅपवर साधे पाठवलेले फोटो घेऊ नकोस, त्यांचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर घरोघर जाऊन मूळ फाइल घे. अर्थात हे घरच्यांना सांगून झाल्यावर. आधी गोळा करायला निघालास तर बातमी तुझ्याआधी पोचेल.

हॉल पुन्हा सजवून, शालू नेसवून अंतरपाट परत धरू या, असं आपणहून सुचवू नकोस. ‘परत एकदा हार घाला, इकडे बघून’ हा प्रकार मांडवात आधीच पुष्कळ होतो. तिला स्वतःलाच वाटलं तर कर, फुकट कर, आणि अल्बममध्ये तो नंतरचा आहे हे लिही.

पुढच्या सीझनसाठी थोडकंच. दुसऱ्या स्लॉटला तेच फोटो त्याच वेळी उतरू दे. त्याच रात्री घरी हार्ड डिस्कवर एक प्रत, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. कागदावर करार कर, दोन पानांचा का होईना : किती माणसं, किती तास, अल्बमसाठी फोटोंची निवड घरच्यांनी किती दिवसांत द्यायची, पैसे कोणत्या टप्प्यांनी, फोटो गेले तर भरपाई काय, आणि माणसांची जेवणं कोणत्या पंगतीला. (हसू नकोस. शेवटच्या पंगतीला गार वरण-भात गिळून वरातीत पळणारी पोरं मी पाहिली आहेत.) आणखी एक कलम हवंच. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची. आपलेच फोटो म्हणून तू इन्स्टाग्रामवर टाकतोस ते लेखी परवानगीने टाक.

धंदा सोडावा का, हे या आठवड्यात ठरवू नकोस. लाजेपोटी सोडलास तर ती लाज पुढच्या धंद्यातही सोबत येईल.

बायकोचं राहिलं. काढीव मुहूर्तांमुळे आता चातुर्मासही मोकळा जात नाही, हे मला कळतं. पण मेमधली ती एक तारीख पुढच्या वर्षीच्या डायरीत आजच काट मारून ठेव, कितीही मोठी ऑर्डर आली तरी. ते पुढचं. आज रात्री जेवणं झाली की तिला कार्डाचं सांग. मुलीला फोन करायच्या आधी. तारखेपेक्षा याचाच तिला जास्त राग येईल, सात आठवडे शेजारी जागा होतास आणि बोलला नाहीस म्हणून. येऊ दे. आणि वडिलांकडे जाताना ‘मी पण येते’ म्हणाली, तर नको म्हणू नकोस.