बिल्डरचे 40 टक्के आणि साडेसात मीटरची गल्ली

ताई, तुमचा मेल वाचला. ठाण्यातल्या नौपाड्याच्या आतल्या गल्लीत 1989 ची वीस फ्लॅटची सोसायटी, पुनर्विकासाला आलेला बिल्डर आधी म्हणाला 40 टक्के जास्त कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, देतो, आता म्हणतोय रस्ता साडेसात मीटरचा आहे, 15 च्या वर जमणार नाही, आणि वर घरोघरी फिरून संमतीपत्रावर सह्या घेतोय. फसवतोय का आणि सही करू का, असं विचारलंय.

सही आत्ता करू नका. पण 15 चा आकडा खोटा आहे असं मला तरी वाटत नाही, खोटा होता तो पहिला.

ठाण्याला 2020 च्या डिसेंबरपासून युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू आहे, मुंबईचे नियम इथे चालत नाहीत. तुमचा प्लॉट कंजेस्टेड एरियात, म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेल्या जुन्या दाट वस्तीत, नसेल तर नऊ मीटरपेक्षा कमी रुंद रस्त्यावर बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) 1.10, आणि वर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) काहीच नाही. रस्ता नऊ ते बारा मीटरचा असता तर हाच एफएसआय 2 पर्यंत गेला असता. दीड मीटरचा खेळ आहे बघा!

तीस वर्षं झालेल्या सोसायटीला मात्र इन्सेंटिव्ह, म्हणजे वरचं जादा बांधकाम, आहे, जुन्या अधिकृत बांधकामाच्या 30 टक्के किंवा फ्लॅटमागे 15 चौरस मीटर, जे जास्त असेल ते. समजा तुमचं अधिकृत बांधकाम 900 चौरस मीटर आहे, तर 30 टक्के म्हणजे 270, आणि 15 गुणिले 20 म्हणजे 300, मग 300 धरायचे. आता सगळ्यांना 40 टक्के द्यायचे तर 360 लागतात, म्हणजे बिल्डरला विकायला काही उरत नाही, वर तुटच. पैसे भरून 60 टक्क्यांपर्यंत ऍन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय, मिळतो, पण त्यातला बराचसा जिने, लॉबी, बाल्कनीतच जातो. आणि हो, बंद केलेल्या गॅलऱ्या अधिकृत बांधकामात धरू नका.

म्हणून सेक्रेटरींना सांगा, बिल्डरच्या पीपीटीवर जाऊ नका, सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमून फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे किती जमेल याचा हिशोब, घ्यावा आणि महापालिकेच्या शहर विकास विभागातून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा दाखला, काढावा. तुमच्या गल्लीला रुंदीकरणाची रेषा पडलीय का ते त्यात कळेल, आणि पडली असेल तर हिशोब बदलू शकतो.

दुसरं म्हणजे जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे असं तुम्ही मेलच्या शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, मला तर तेच सगळ्यात मोठं वाटतं. मोफा या फ्लॅट मालकीच्या कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करा, मालक सही देत नसला तरी होतं. ते नसताना बिल्डरशी डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट (पुनर्विकासाचा करार) करायला बसणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर सौदा.

घरोघरच्या सह्यांनी बिल्डर निवडला जात नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालची पुनर्विकासाची 4 जुलै 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, विशेष सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश कोरम, निबंधकांचा अधिकारी हजर, व्हिडिओ शूटिंग, एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती, प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी, असं सगळं त्यात आहे. सभेत रीतसर ठरलं की मात्र विरोधातल्यांनाही ते मानावं लागतं, म्हणून तुमचे आक्षेप सभेआधीच लेखी देऊन पोच घ्या.

एक विचारायचं राहिलं, तुमच्या मागच्या सोसायटीचं तोंड मोठ्या रस्त्यावर आहे का? असेल तर दोन्ही प्लॉट एकत्र करून तो मोठा रस्ता मिळतो का, हे आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत विचारा.