दीड वर्षाची कमाई, एक गुण

"मॅडम, माझी जिद्दच संपलीय. ती परत कशी आणायची तेवढं सांगा."

साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. कधी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तिसऱ्यांदा हुकलेला मुलगा असतो, कधी सीएच्या एकाच ग्रुपवर अडकलेली मुलगी. यावेळी समोर होती माण तालुक्यातली चोवीस वर्षांची मुलगी. तिला इथे रेश्मा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.

माण म्हणजे ललिता बाबर यांचा तालुका. मोही गावची ही धावपटू 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. त्यामुळे पहाटे ट्रॅकसूट घालून डांबरी रस्त्यावर पळणारी मुलगी तिकडे कुणाला नवलाची वाटत नाही. रेश्मा पळायची ती पोलीस भरतीसाठी. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा यादीत नाव नाही. दुसऱ्या यादीनंतर तिनं बूट धुऊन माळ्यावर टाकले आणि अंथरूण धरलं. आईनं दीड महिना वाट बघितली आणि मग तिला घेऊन माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, रडू याबद्दल विचारलं. जगणं नको वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. या प्रश्नाला नातेवाईक दचकतात, पण तो विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिचं उत्तर "नाही" होतं, आणि ते खरं वाटलं. तरी टेली-मानसचा 14416 हा सरकारी हेल्पलाइन नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

आणि मग मी चूक केली. तिचा उतरलेला चेहरा बघून मला राहवलं नाही. वीस मिनिटं धीर दिला, खचून कसं चालेल वगैरे. ती मान हलवत राहिली आणि पुढचे तीन आठवडे फिरकलीच नाही. परत आली तेव्हा कारण तिनंच सांगितलं: "तुम्हीपण त्या व्हिडिओतल्यासारखंच बोलला की." तिच्या मोबाइलमध्ये असे जिद्द जागवणारे व्हिडिओ शेकड्यानं होते. रात्री अकराला एक बघायचा, अंगावर काटा यायचा, पहाटे साडेचारचा गजर लावायचा आणि गजर वाजला की बंद करून कूस बदलायची.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये मांडलं होतं की "हे मला जमेल" हा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, कुणीतरी समजावून सांगणं आणि त्या क्षणी शरीर-मनाची असलेली अवस्था. यात सर्वांत भक्कम पहिलं. समजावून सांगणं त्यामानानं कच्चं, कारण पहिल्याच ठेचेला ते उडून जातं. हे पाठ असूनही मी भाषण ठोकलंच होतं. असो.

दुसऱ्या भेटीत मी जिद्दीचा विषयच काढला नाही. म्हटलं, "दोन्ही वेळचे गुण सांग. ग्राउंड किती, लेखी किती?"

ग्राउंडचे तिला तोंडपाठ होते. आठशे मीटरचं टायमिंग सेकंदासकट, गोळा किती मीटर पडला तेही. लेखीचं विचारलं तर म्हणाली, "सत्तरच्या आसपास असतील." दोन्ही वेळा? "हां, तसंच काहीतरी."

ज्यांना भरती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शारीरिक चाचणी, म्हणजेच ग्राउंड, 50 गुणांची. मुलींना 800 मीटर पळणं, 100 मीटर पळणं आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळवून पुढं सरकलं की 100 गुणांची लेखी: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी. वेळ दीड तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मेरिट लागतं ते दोन्हींच्या बेरजेवर.

मी कागद पुढं केला. तिनं मोबाइलमध्ये याद्या शोधून आकडे काढले. 2023 च्या ग्राउंडला 45, लेखीला 71. 2024 ला ग्राउंड 47, लेखी 70.

"बेरीज कर."

116 आणि 117.

बराच वेळ ती कागदाकडे बघत होती. मधल्या दीड वर्षात तिनं सकाळ-संध्याकाळ सराव केला होता, अकॅडमीची फी भरायला आईनं डोरलं गहाण ठेवलं होतं, पायाच्या नळीला सूज येऊनही ती पळत राहिली होती. त्या सगळ्याची कमाई एक गुण. तिच्या प्रवर्गातल्या मुलींचं मेरिट दुसऱ्या वेळी 122 ला थांबलं होतं.

"म्हणजे मी जिद्दीत कमी नव्हतेच," ती हळूच म्हणाली. तिला बरं वाटलं असेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा आणखी पडला. कारण पुढचा प्रश्न तिलाच दिसला होता: पाच-सहा गुण कुठं होते, हे तिला आधीपासून माहीत होतं. ते अंकगणितात होते. ग्राउंडला वर सरकायला आता जेमतेम तीन गुणांची जागा उरली होती, लेखीत तीसची. आणि पेपर हातात आला की ती अंकगणिताचे प्रश्न मागं ठेवायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरपत्रिकेतले गोळे अंदाजानं काळे करून मोकळी व्हायची. सरावातही तेच. अपयश आलं की तिचा उपाय ठरलेला: आणखी दोन फेऱ्या मारायच्या.

अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे. ती मरणाचे कष्ट करतात, फक्त जिथं दुखतं त्या जागेला वळसा घालून. इंग्रजीला घाबरणारा राज्यघटनेच्या नोट्स चौथ्यांदा काढतो. गिऱ्हाइकाला फोन करायला लाजणारा दुकानाचा बोर्ड पुन्हा रंगवतो. थकवा खरा असतो, घाम खरा असतो, म्हणून आपण प्रामाणिक आहोत याची खात्री पटते. यश आलं नाही की मग दोष द्यायला एकच गोष्ट उरते, जिद्द. ती मोजता येत नसल्यामुळे कमी पडली असं कधीही म्हणता येतं.

गणिताची भीती दहावीतली. 38 गुण मिळाले, आर्ट्सला गेली आणि "आपण गणितात ढ" हे कायमचं ठरलं. घरात तीन गाई, दुधाचं डेअरीचं पुस्तक तीच बघते, हे बोलता बोलता कळलं. मी विचारलं, फॅट 3.5 वरून 3.3 वर आली तर महिन्याला किती फटका बसतो? तिनं लिटरमागं किती पैसे कापतात ते सांगितलं, रोजच्या लिटरनं गुणलं, तीसनं गुणलं आणि आकडा पुढं ठेवला. कागद लागला नाही. "ते हिशोब हाय, गणित न्हवं," म्हणाली. या एका वाक्यावर आमची पुढची दोन सत्रं गेली. भीती काही लगेच पळाली नाही. पण शेकडेवारीचं पहिलं उदाहरण तिनं दुधाचं पुस्तक शेजारी ठेवून सोडवलं.

नियोजन अगदी साधं होतं. पळणं दोन वेळचं एक वेळ करायचं. सकाळचा सराव संपला की घरी न जाता शाळेच्या पायरीवर बसून स्टॉपवॉच लावून वीस मिनिटं अंकगणित. एका आठवड्यात एकच घटक: शेकडेवारी, मग नफा-तोटा, मग सरळव्याज. चुकलेलं उदाहरण वेगळ्या वहीत, शेजारी एका ओळीत कशामुळे चुकलं ते. मन लागो न लागो, वीस मिनिटं झाली की उठायचं. मनाची वाट बघत बसायचं नाही, ते मागून येतं.

यात अडचण आली ती घरून. संध्याकाळचं पळणं बंद केल्यावर आई अस्वस्थ झाली. तिला भेटायला बोलावलं तर म्हणाली, "पळाया जाती तवा दिसतं तरी. वही घेऊन बसली म्हंजी नुसतीच बसल्यागत वाटतं. भावकी इचारती, सोडलं का म्हणून." माझ्या मते अर्धं दुखणं इथंच होतं. पळणं सगळ्या गावाला दिसतं. शेकडेवारी कुणाला दिसत नाही. गेली दोन वर्षं रेश्मा थोडी भरतीसाठी आणि बरीचशी गावासाठी पळत होती. आईला मी ती चुकांची वही दाखवली. त्यांना त्यातलं कळलं नसेल, पण वही निम्मी भरलेली होती, ते त्यांनी पानं उलटून बघितलं.

एक गोष्ट मी तिला स्पष्ट सांगितली आणि समुपदेशकानं ती सांगायलाच हवी असं मला वाटतं. 2024 च्या भरतीत सुमारे 17,000 पदांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज होते. सगळं नीट करूनही बहुतेकांची निवड होत नाही, आणि त्यात कुणाच्या जिद्दीचा काही संबंध नसतो. म्हणून आम्ही एक मर्यादा आखली: आणखी दोन भरत्या, त्यापुढं नाही. मधल्या काळात वनरक्षकाचा अर्जही भरायचा. तिथं मुलींना तीन किलोमीटर पळावं लागतं, म्हणजे तिचं पळणं वाया जाणार नाही. घरचे म्हणाले, असं आधीच सोडायचं बोललं की माणूस ढिला पडतो. रेश्माच्या बाबतीत उलटं झालं. डोळ्यांसमोर शेवट दिसायला लागला तशी तिची झोप सुधारली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत गावात एका मुलीचा फ्लेक्स लागला, वर्दीतला फोटो, खाली शुभेच्छुकांची लांबलचक यादी. रेश्माच्याच बॅचची मुलगी. रेश्मानं वही बंद केली, फोन बंद केला. मी काही केलं नाही, वाट बघितली. पाचव्या दिवशी तिचा मेसेज आला: "मॅडम, परत पहिल्यापासून झालं सगळं."

भेटल्यावर मी विचारलं, "पहिली यादी लागली तेव्हा किती दिवस अंथरुणात होतीस?"

"पाच आठवडे."

"दुसऱ्या वेळी?"

"सहा. सात असतील."

"आणि आता?"

तिनं बोटं मोजली आणि हसली. चार दिवस. पुन्हा पहिल्यापासून काही झालं नव्हतं. वही जिथं बंद केली होती, तिथूनच काळ-काम-वेग सुरू होणार होतं. तेव्हापासून चुकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं आणखी एक नोंद सुरू केली: खाडा किती दिवसांचा पडला. खाडा पडणारच हे आम्ही गृहीत धरलं होतं, म्हणून त्या पानाला लाज नव्हती.

ऑगस्ट 2025 मध्ये मंत्रिमंडळानं सुमारे 15,000 पोलीस पदांच्या भरतीला मान्यता दिली तेव्हा तिच्या अकॅडमीत फटाके वाजले. रेश्मानं मला फोन केला नाही. मला ते आवडलं.

तिचा मेसेज आला त्यानंतर पंधरा दिवसांनी, सराव पेपरच्या फोटोसकट. अंकगणिताचे पंचवीस प्रश्न, सतरा बरोबर, आठ चूक. आठही चुकांशेजारी पेन्सिलीनं कारण लिहिलेलं: दोन ठिकाणी "घाई", एका ठिकाणी "लसावि विसरले", एका ठिकाणी नुसतं "?". खाली तिची ओळ होती, "मॅडम, यावेळी अंकगणित पहिलं सोडवलं. अंदाजानं एकपण गोळा काळा केला नाही."