'संशोधित आवृत्ती' म्हणजे नेमके काय शोधले?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांची कन्या स्पर्धापरीक्षेची तयारी करते. महाद्वार रोडवरून तिने आणलेल्या सामान्यज्ञानाच्या जाडजूड पुस्तकाच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत 'संशोधित आवृत्ती' असे छापलेले आहे, आणि आत राजर्षी शाहू महाराजांची जन्मतारीख मात्र २६ जुलै १८७४ अशी दिली आहे. भगिनी विचारतात की, 'संशोधित' आणि 'सुधारित' यांत फरक काय, आणि प्रकाशकाकडे जे मागायचे ते 'शुद्धीपत्रक' की 'शुद्धिपत्र'?

तारखेचा निकाल आधी लावतो. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. त्याच दिवशी राज्यभर सामाजिक न्याय दिन पाळला जातो, आणि दसरा चौकातल्या पुतळ्यापाशी त्या सकाळी उभे राहिलेल्या शाळकरी मुलालाही ही तारीख विचारावी लागत नाही. जुलैची चूक जुनी आहे आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत उतरत ती इथवर आली आहे. ती इतकी टिकण्याचे एक कारण मला असे दिसते की, २६ जुलै ही तारीख महाराजांच्या चरित्रात खरोखरच आहे : संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम २६ जुलै १९०२ चा. ओळखीची तारीख समोर आली की तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरत पुढे जाते.

आता त्या वेष्टनावरच्या शब्दाकडे वळतो, कारण तो वाचला की माझ्या कपाळावर आठी पडते. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, म्हणून तिथे 'संविधान संशोधन' होते. मराठीत 'संशोधन' म्हणजे अभ्यासपूर्वक नवे काही शोधून काढणे, आणि राज्यघटनेच्या बाबतीत आपण ४२वी घटनादुरुस्ती म्हणतो, ४२वे घटनासंशोधन कोणी म्हणत नाही. निदान १९७६ साली तरी कोणी म्हटले नसते. अलीकडे मात्र दिल्लीची बातमी घाईघाईने मराठीत आणणारे लोक 'संशोधन विधेयक मंजूर' असे बेधडक लिहितात आणि प्रयोगशाळांना भरघोस निधी मिळाला असावा अशा समजुतीने एखादा भाबडा प्राध्यापक ती बातमी शेवटपर्यंत वाचतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात जे भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते इतिहासाची कागदपत्रे हुडकण्यासाठी. इतिहासात दुरुस्त्या करण्याचा धंदा इतरांनी, फार नंतर आणि मंडळ न काढताच सुरू केला.

तेव्हा मराठी पुस्तकावर 'संशोधित आवृत्ती' छापणे चूक आहे. परंतु हिंदीने हा शब्द बिघडवला असे जे आमचे काही भाषाशुद्धीवाले सांगतात, ते त्याहून मोठी चूक करतात, कारण मुळाच्या अधिक जवळ हिंदी आहे, आपण नाही. संस्कृत 'शुध्' धातूचा अर्थ स्वच्छ होणे. त्याच्या प्रयोजकावरून आलेले 'शोधन' म्हणजे स्वच्छ करणे. अमरकोशात 'शोधनी' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ केरसुणी असा आहे! वैद्य पाऱ्याचे शोधन करतात तेव्हा पारा हरवलेला नसतो. ते त्यातील दोष काढून टाकत असतात. ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडून खाते निर्मळ करणे, आणि त्याच हिशेबाने हिंदीत 'प्रतिशोध' म्हणजे सूड झाला, कारण सूड हीसुद्धा उलट दिशेने केलेली परतफेडच. बंगालीत 'शोध' म्हणजे फेड आणि 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती; आपल्या अर्थाच्या संशोधनाला बंगाली माणूस 'गवेषणा' म्हणतो, ज्याच्या मुळाशी गाईचा शोध आहे. आपल्या बाजूला गुजराती आहे आणि, कोल्हापूरकरांना हे सहज पडताळता येईल, निपाणीच्या पलीकडची कन्नडही आहे : तिथे 'संशोधने' म्हणजे आपल्यासारखेच संशोधन, आणि कायद्यातल्या दुरुस्तीला ते 'तिद्दुपडी' म्हणतात.

मग केरसुणीच्या घराण्यातला हा शब्द मराठीत हुडकण्यापर्यंत पोहोचला कसा? या प्रश्नासाठी मी भगिनींचे पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवतो, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

आमच्या परिचयातील एक व्युत्पत्तिप्रेमी गृहस्थ, ज्यांचा शब्द या गावात बराच प्रमाण मानला जातो, असे सांगतात की, हा अर्थ स्वयंपाकघरात जन्मला : बाई सुपात तांदूळ निवडते, म्हणजे तांदूळ स्वच्छ करते, आणि त्यासाठी तिला खडा शोधावा लागतो; अशा रीतीने स्वच्छ करणे आणि हुडकणे या दोन क्रिया एका शब्दात आल्या. चित्र सुरेख आहे आणि व्याख्यानात टाळ्याही घेते. परंतु 'ध' या अक्षराने ते उघडे पाडले आहे. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये आलेला 'ध' प्राकृतातून लोकांच्या तोंडी येता येता 'ह' झाला : दधिचे दही झाले, गोधूमाचा गहू झाला, बधिराचा बहिरा झाला. 'शोधयति'चेही प्राकृतात 'सोहेइ' झाले होते. शब्द जर सुपातून आणि जात्यावरून आला असता, तर आज आपण हरवलेली किल्ली 'सोहत' बसलो असतो. गहू आणि दही ज्या घरात झिजले, त्याच घरात 'शोधणे' तेवढे न झिजता कसे राहिले, याचे उत्तर त्या गृहस्थांनी द्यावे. मी त्यांना दोनदा विचारले आहे. दोन्ही वेळा त्यांनी विषय पन्हाळ्याच्या हवेवर नेला.

ज्याचा 'ध' टिकला तो शब्द संस्कृत जाणणाऱ्यांच्या हातून भाषेत आला, हा साधा नियम आहे. असे हात दोन प्रकारचे होते : वैद्यांचे आणि पोथ्या लिहिणाऱ्यांचे. वैद्याला दोष दिसत नाही, तो दोष असल्याचे धरूनच चालतो आणि विधी करतो. पोथी शुद्ध करणाऱ्याचे तसे नसते. त्याला आधी अक्षर न् अक्षर वाचून चूक हुडकावी लागते आणि मगच ती काढता येते. त्याच्या कामाचे नव्वद टक्के हुडकणेच असते. माझे मत असे आहे, आणि ते मी गेली कित्येक वर्षे ज्याला त्याला ऐकवत आलो आहे, की मराठीतील 'शोधणे' हा पोथी शोधणाऱ्यांचा शब्द आहे. संस्कृतात शोधनाला तपासणीची छटा होतीच. पोथीवाल्यांच्या हाती ती छटा ठळक झाली आणि पुढे मूळ रंगच पुसला गेला.

या मताच्या बाजूने मी ज्यांना उभे करतो ते साक्षात नाथमहाराज आहेत. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती नकलांवर नकला होत फिरली आणि एकनाथांना दिसले की, ग्रंथ मुळात अत्यंत शुद्ध असूनही नकलांतल्या पाठभेदांमुळे त्यात 'अबद्ध', म्हणजे अशुद्ध, शिरले आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, त्यांनी प्रत शुद्ध केली आणि तसे शेवटी ओव्यांत नोंदवून ठेवले. त्या नोंदीत त्यांनी स्वतःच्या कामासाठी वापरलेले क्रियापद आहे 'शोधूनियां'. आता सांगावे, इथे शोधणे म्हणजे हुडकणे की स्वच्छ करणे? दोन्ही अर्थ एकमेकांना इतके चिकटले आहेत की, मधून सुरी फिरवता येत नाही. हेच ते ठिकाण, जिथे शब्दाचा एक पाय जुन्या अर्थात आहे आणि दुसरा नव्या अर्थात. शिवाय नाथांनी तिथेच पुढे ठणकावले आहे की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. संदर्भग्रंथात स्वतःची भर घालून ती मूळ लेखकाच्या नावावर खपवणाऱ्यांना याहून कडक शब्दांत कोणी सुनावलेले मला ठाऊक नाही.

पोथी शोधणाऱ्याची हत्यारेही पाहण्यासारखी असत. गाळलेले अक्षर घालायचे असेल तर ओळीत काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि समासात ते अक्षर. चुकीचे अक्षर घालवायचे असेल तर त्यावर हरताळ, म्हणजे सोमलाचे पिवळे खनिज, डिंकाच्या पाण्यात खलून लावायचे. हातकागदाच्या पिवळटपणात ते मिसळून जाई आणि त्यावर पुन्हा लिहिता येई. 'नियमांना हरताळ फासला' हा वाक्प्रचार तिथलाच आहे. दुकाने बंद ठेवण्याच्या हरताळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो गुजरातीतल्या 'हडताळ'चा भाऊ आणि त्याच्या मुळाशी हाट आणि टाळे आहे. दुरुस्तीच्या साधनाला नासधुशीचा अर्थ चिकटला याचा दोष मी 'फासणे' या क्रियापदाला देतो : मराठीत कुंकू लावतात आणि काळे फासतात.

सत्यशोधक या शब्दावरूनही आमच्याकडे वाद होतात. वर उल्लेखिलेले गृहस्थच हल्ली सांगू लागले आहेत की, 'शोधन' म्हणजे स्वच्छ करणे हे मूळ लक्षात घेता सत्यशोधक म्हणजे 'सत्याला शुद्ध करणारा'. हा मुळाचा अतिरेक आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात समाज स्थापन केला आणि १९११ साली तो कोल्हापुरात आला, तोवर मराठी 'शोध' पुरता हुडकण्याचा झालेला होता. सत्य हे मलीन झालेले नसून दडवलेले आहे, हाच तर त्या नावातला आरोप होता. शब्दाचा अर्थ त्याच्या पणजोबाला नव्हे, तो वापरणाऱ्याला विचारावा.

व्युत्पत्ती पाहण्याच्या सवयीचा संदर्भग्रंथांच्या शोधनाला प्रत्यक्ष उपयोग किती होतो, याचा माझा आवडता दाखला मात्र परदेशातला आहे. अमेरिकेतल्या वेबस्टर कोशाच्या १९३४ च्या मोठ्या आवृत्तीत 'डॉर्ड' नावाचा एक शब्द छापला गेला आणि त्याचा अर्थ दिला होता घनता. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी इंग्रजी 'डी' हे अक्षर मोठे किंवा लहान कसेही लिहिता येते, अशी सूचना असलेल्या चिठ्ठीतली 'डी ऑर डी' ही अक्षरे एकत्र वाचली गेली आणि त्यांचा शब्द झाला. १९३९ साली एका संपादकाच्या तो डोळ्यांत भरला, कारण त्या नोंदीला व्युत्पत्तीच नव्हती. आईबाप नसलेला शब्द पाहून ज्याला शंका येते तो खरा शोधक, दोन्ही अर्थांनी.

पुस्तकाकडे परत येतो. ज्या आवृत्तीत पूर्वीच्या चुका दुरुस्त केल्या आहेत तिच्यावर 'सुधारित आवृत्ती' असे छापावे. भर घातली असेल तर 'सुधारून वाढवलेली' म्हणावे. 'दुरुस्त' हा शब्द फारसी असला तरी कामाचा आणि प्रामाणिक आहे, त्यालाही माझी हरकत नाही. 'संशोधित' हे विशेषण मराठीत शोधून काढलेल्या वस्तूला लागेल, जसे संशोधित साधने, संशोधित पाठ. भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ पर्यंत खपून पुरी केली, तिला हा शब्द दोन्ही अर्थांनी शोभला असता. तिथे टाकून दिलेल्या पाठांवर हरताळ न फासता ते पानाच्या तळाशी जसेच्या तसे दिले आहेत, म्हणजे संपादकाचेच चुकले असेल तर पुढच्याला ते हुडकता यावे. भगिनींकडच्या पुस्तकात मात्र जुने काही शोधलेले नाही आणि चुकीचे काही काढलेलेही नाही, मुखपृष्ठाचा रंग तेवढा बदलला आहे.

राहिला शुद्धिपत्राचा प्रश्न. 'शुद्धी' एकटा लिहिताना 'द्धी' दीर्घ, परंतु संस्कृतात ऱ्हस्व असलेला असा शब्द समासाच्या आरंभी आला की ऱ्हस्वच राहतो. बुद्धिवैभव, गतिरोधक, तसेच शुद्धिपत्र. १९६२ पासूनचा हा नियम आहे आणि 'शुद्धीपत्रक' असे छापलेल्या पानाने स्वतःपासूनच सुरुवात करावी. प्रकाशकाला पत्र लिहिताना जुन्या शुद्धिपत्राचीच चौकट घ्यावी : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. 'अशुद्ध'च्या रकान्यात '२६ जुलै १८७४' आणि 'शुद्ध'च्या रकान्यात '२६ जून १८७४' असे लिहावे, खाली १९०२ च्या हुकुमाची तारीख वेगळी नोंदवावी, म्हणजे मुद्रितशोधक जोशात येऊन तिथलाही जुलै जून करून ठेवणार नाही. आणि हो, मुद्रितशोधक : त्या बिचाऱ्याच्या पदनामात मात्र 'शोधणे' अजून नाथांच्या काळातलेच आहे.