बाळ सतत किरकिर करतं, म्हणजे त्याला आईचा लळा लागला नाही का?

तुमची मुलगी सहा महिन्यांची आहे, जन्मापासून किरकिरी आहे, कडेवर घेतलं तरी लवकर शांत होत नाही आणि घरातले म्हणतात, ‘हिला आईचा लळाच नाही’. ते चूक आहे. मी बालविकास शिकवते. रडव्या बाळाचं खापर आईच्या मायेवर फुटलेलं ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

काही बाळं जन्मतःच अशी असतात. थॉमस आणि चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात साधारण दहातलं एक बाळ ‘अवघड’ स्वभावाचं निघालं: झोपेला, भुकेला वेळ नाही, नवं काही नको, रडणं मोठ्याने.

लळा वेगळा. तो तपासायला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये पद्धत बसवली. साधारण वर्षाच्या बाळाला सोडून आई काही मिनिटं खोलीबाहेर जाते आणि परत येते. बाळ किती रडलं यापेक्षा आई आल्यावर ते तिच्याकडे झेपावतं का, तिच्याजवळ निवतं का, याला महत्त्व. खूप रडणाऱ्या बाळाचं नातंही घट्ट असू शकतं. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांचा आक्षेप होता की यात स्वभावच मोजला जातो. पण तेच बाळ आईपाशी निर्धास्त आणि वडिलांपाशी बिचकलेलं असू शकतं. सगळा खेळ स्वभावाचा असता तर असं झालं नसतं.

तरी स्वभावाचा काहीच वाटा नाही, असं मी म्हणणार नाही. किरकिऱ्या बाळापुढे आई थकते. ते गप्प झालं की ‘सुटले बाई’ म्हणून बाजूला होते आणि हसण्या-खेळण्याचे क्षण निसटतात. नेदरलँड्समध्ये संशोधक व्हान डेन बोम यांनी नेमकं हेच हेरलं. गरीब घरांतल्या चिडक्या बाळांच्या शंभर आयांपैकी निम्म्यांना त्यांनी बाळ सहा ते नऊ महिन्यांचं असताना घरी तीनदा भेटून बाळाच्या खुणा ओळखायला शिकवलं. वर्षाची झाल्यावर त्यांच्यातली निम्म्याहून जास्त बाळं आईपाशी निर्धास्त होती. भेटी न मिळालेल्यांत बहुतेक नव्हती.

म्हणून ती शांत असताना तिच्याशी बोला. तिने तोंड फिरवलं तर थांबा, पुन्हा वळली की बोला. घरच्यांना सांगा, संध्याकाळी तासभर तिला त्यांनी घ्यावं आणि तुम्ही झोपावं. बाळाला एकाच वेळी अनेकांचा लळा लागतो, त्याने तुमचा कमी होत नाही. वजन नीट वाढत नसेल किंवा रडणं अचानक बदललं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.