गोल्फ न खेळता सेंट अँड्र्यूजमध्ये चार दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नवरा आणि त्याचे मित्र स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला चाललेत, बरोबर तुम्ही आणि सासूबाई. तुम्हा दोघींना खेळातलं काही कळत नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मग तुम्ही दोघींनी एडिंबरालाच राहावं का?

माझं मत विचाराल तर अजिबात नको. एडिंबरा सुंदर आहेच, पण ते वेगळ्या दिवसांसाठी ठेवा. सेंट अँड्र्यूजला मी गोल्फ खेळणाऱ्या नवऱ्याबरोबर गेले आहे आणि स्वतः कधीही बॉलला हात लावलेला नाही. चार दिवस तिथे कमीच पडतात.

मुळात ते गाव गोल्फच्या आधीचं आहे. स्कॉटलंडच्या राजाने गोल्फवर बंदी घातली ती १४५७ मध्ये, आणि खेळाचा पहिला लेखी उल्लेख तोच. पण तिथल्या कॅथीड्रलचं बांधकाम ११५८ च्या सुमारास सुरू झालं होतं. संत अँड्र्यूच्या अस्थी तिथे आहेत या श्रद्धेने लोक लांबून यात्रेला यायचे. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीट हे तिन्ही रस्ते कॅथीड्रलच्या दिशेने एकमेकांजवळ येत जातात. त्यामुळे नकाशा लागत नाही, गावात कुठूनही पूर्वेकडे चालत सुटलं की पोचता येतं. सासूबाईंसाठीही हे सोयीचं, कारण जुनं गाव लहान आणि बऱ्यापैकी सपाट आहे.

कॅथीड्रलला निवांत एक सकाळ द्या. ती स्कॉटलंडमधली सगळ्यात मोठी चर्चची इमारत होती. १३१८ मध्ये तिचा अर्पणविधी झाला तेव्हा राजा रॉबर्ट द ब्रूस हजर होता. १५५९ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या प्रवचनांनंतर जमावाने आतली सजावट मोडून टाकली आणि पुढे गावकऱ्यांनी तिथले दगड घरं बांधायला नेले. आता पूर्वेची उंच भिंत, पश्चिमेच्या दाराचा काही भाग आणि मधे नुसतं गवत. जमिनीवर खांबांच्या खुणा दिसतात, त्यांच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघा, मग वास्तू केवढी होती ते अंगावर येतं. शेजारचा सेंट रूल्स टॉवर ३३ मीटर उंच आहे. चढ अरुंद गोल जिन्याचा, तेव्हा सासूबाईंना खाली बाकावर बसवा आणि तुम्ही जा. तो कधीकधी बंद असतो, आधी चौकशी करा.

त्याच आवारातल्या दफनभूमीत ओल्ड टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा यंग टॉम या इथल्याच नावाजलेल्या गोल्फपटूंच्या कबरी आहेत. तुम्हाला गोल्फमध्ये रस नसला तरी इथे थांबाच. यंग टॉमने १८६८ ते १८७२ मध्ये लागोपाठ चार वेळा ओपन स्पर्धा जिंकली (१८७१ मध्ये ती झालीच नाही). १८७५ मध्ये बाळंतपणात त्याची बायको आणि बाळ दोघंही गेले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याच्या स्मारकासाठी साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढली. दगडात तो बॉल मारायच्या पवित्र्यात कोरलेला आहे. म्हातारा बाप त्यानंतर बत्तीस वर्षं जगला. मला तर या खेळाबद्दल माया वाटायला लागली ती या कबरींपाशी.

तिथून किल्ला समुद्राच्या काठाने पाच-सात मिनिटांवर. १५४६ मध्ये कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल बीटनने प्रॉटेस्टंट प्रवचनकार जॉर्ज विशार्टला जाळून मारलं, जवळजवळ तीन महिन्यांनी प्रॉटेस्टंट बंडखोरांनी किल्ल्यात घुसून बीटनला मारलं आणि किल्ला बळकावला. मग किल्ल्याला वेढा घालणाऱ्या सरकारी फौजेने खडकातून सुरुंग खणायला घेतला. आतल्यांनी नुसत्या आवाजाच्या अंदाजाने उलट्या बाजूने खणलं, काही ठिकाणी चुकले, शेवटी बरोबर त्या सुरुंगात जाऊन धडकले. दोन्ही बोगदे आजही शिल्लक आहेत आणि आत उतरता येतं. आतल्यांनी खणलेला बोगदा अरुंद, वाकडातिकडा, जवळजवळ रांगत जायचा. हल्लेखोरांचा ऐसपैस, माणूस ताठ उभा राहील असा. कोण घाबरलेलं होतं आणि कोणाला सवड होती, ते खडकातच दिसतं. गुडघे दुखत असतील तर मात्र आत जाऊ नये.

आता ओल्ड कोर्सबद्दल, म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या गोल्फच्या मैदानाबद्दल. गोल्फ कोर्स म्हणजे कुंपण आणि पहारेकरी, अशी आपली समजूत असते. इथे ती जमीन सार्वजनिक आहे. १५५२ च्या सनदेत तिथे गावकऱ्यांच्या खेळण्याच्या हक्काची नोंद आहे, आणि आजही ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा सार्वजनिक रस्ता पहिल्या आणि अठराव्या होलच्या (बॉल घालायच्या खळग्याच्या) मैदानातून आडवा जातो. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो (मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडून) आणि लोक कुत्री, मुलंबाळं घेऊन फिरायला येतात. त्यामुळे मुक्कामात एक रविवार येईलच असं बघा. स्विल्कन पुलावर उभं राहा, सतराव्या होलपाशी रोड बंकर हा वाळूचा खड्डा किती खोल आहे ते काठावरून बघा. बहुतेक ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, दोन-दोन होलना मिळून आहेत आणि त्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी अठरा येते : दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा. सासूबाईंना हे कोडं घालून बघा. फक्त ग्रीनवर चालू नका.

शेजारीच हिमालयाज नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे, म्हणजे बॉल हळू टोल्याने खळग्यात घालायची हिरवळ. ते १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं. ठरावीक वेळात कोणीही थोडे पाउंड भरून खेळू शकतं, काठी आणि बॉल तिथेच मिळतात. यासाठी काही यावं लागत नाही, दोघी नक्की खेळा.

विद्यापीठ १४१३ चं. सेंट साल्व्हेटर्स चॅपलबाहेर फरसबंदीत पीएच ही अक्षरं दिसतील, १५२८ मध्ये प्रॉटेस्टंट मतांसाठी जाळलेल्या पॅट्रिक हॅमिल्टनच्या नावाची आद्याक्षरं. त्यांवर पाय पडला तर नापास होतो असं विद्यार्थी मानतात, ते वळसा घालून जाताना दिसतात. सत्र चालू असेल तर रविवारी प्रार्थनेनंतर लाल झग्यातले विद्यार्थी बंदराच्या धक्क्यावर चालत जातात, तेही बघा.

एक पूर्ण दिवस ईस्ट न्यूकच्या किनाऱ्याला. बसने क्रेल, तिथलं छोटं बंदर, मग अँस्ट्रदर. तिथे मत्स्यव्यवसायाचं संग्रहालय उत्तम आहे, आणि मासे खात असाल तर जेवणही तिथेच. तिथूनच मे बेटावर बोटी जातात. पफिन पक्षी साधारण एप्रिलच्या अखेरीपासून जुलैपर्यंत असतात. बोट आधी आरक्षित करावी लागते, आणि हवा बिघडली तर रद्द होते, म्हणून ती शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिंबराहून लूकर्सला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी. गाडी फोर्थ पुलावरून जाते, उजव्या बाजूची खिडकी पकडा. वाऱ्यासाठी टोपी कानांवरून घट्ट बसणारी घ्या, छत्री तिथे टिकत नाही.

कोणत्या महिन्यात जाताय ते कळवा, म्हणजे बोटीचं आणि धक्क्यावरच्या मिरवणुकीचं जुळतंय का ते सांगते.